रॅग्नार क्लावान: विल्यांदी ते लिव्हरपूल, अकरा वर्षांचा रस्ता

प्रश्न असा होता की एस्टोनियासारख्या चिमुकल्या देशातला फुटबॉलर रॅग्नार क्लावान तिशीत लिव्हरपूलसारख्या मोठ्या इंग्लिश क्लबला पोचला तो नशिबाने का, आणि तिथे बराच काळ बेंचवर बसला म्हणजे त्याला फेल म्हणायचं का. मी बरीच वर्षं पोरांना डिफेन्स शिकवतोय, स्टॉपर (डिफेन्सच्या मधोमध खेळणारा) हा माझा आवडता विषय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी एस्टोनियाचं सांगतो कारण ते कळलं नाही तर पुढचं काही कळणार नाही. लोकसंख्या साधारण १३ लाख, म्हणजे नाशिक शहराएवढीसुद्धा नाही. १९९१ पर्यंत सोव्हिएत युनियनमध्ये, नॅशनल टीम परत उभी राहिली ती १९९२ पासून. वर्ल्ड कप किंवा युरोला (युरोपातल्या देशांची स्पर्धा) आजपर्यंत एकदाही क्वालिफाय नाही. सगळ्यात जवळ गेले ते युरो २०१२ च्या वेळी, इटली असलेल्या ग्रुपमध्ये दुसरे आले, सर्बियाला बेलग्रेडमध्ये जाऊन ३-१ हरवलं, मधेच फॅरो आयलंडकडून २-० मार खाल्ला (होय, फॅरो आयलंडकडून), आणि मग प्ले-ऑफला आयर्लंडने ताल्लिनमध्ये ४-० धुतलं, त्या मॅचला एस्टोनियाच्या दोघांना रेड कार्ड. डब्लिनला परतीची मॅच १-१. संपलं. त्यांची टॉप लीग दहा टीमची, प्रत्येकाशी चार-चार मॅच, मार्चला सुरू होऊन नोव्हेंबरला संपते कारण नंतर बर्फ. लीगच्या मॅचला गर्दी फारच कमी. अशा लीगमध्ये पंचवीस वर्षांचं होईपर्यंत खेळत राहिलात तर मोठ्या देशातला स्काऊट तुमच्याकडे बघतसुद्धा नाही, त्यामुळे तिथल्या पोराला बाहेर जायचंच असतं, प्रश्न फक्त कुठे आणि कधी एवढाच.

सगळेच गेले असं नाही हां. मार्टिन रेम बघा, जवळजवळ अख्खं करिअर ताल्लिनच्या फ्लोरा क्लबमध्ये, मधे थोडे दिवस फिनलंड, आणि देशासाठी १५७ मॅच. युरोपात एके काळी एवढ्या इंटरनॅशनल मॅच कुणाच्याच नव्हत्या. पण ताल्लिनच्या बाहेर त्याला कोण ओळखतं? म्हणून घरी राहून मोठं होता येतं, पण ते मोठेपण घरापुरतं.

आता क्लावान. जन्म ३० ऑक्टोबर १९८५, गाव विल्यांदी. वडील झिंतार क्लावान, तेही एस्टोनियासाठी खेळलेले, त्यामुळे घरात फुटबॉल होताच. विल्यांदीच्या तुलेविक क्लबमधून वर आला, मग फ्लोरा. त्या काळात तुलेविक हा फ्लोराशी जोडलेला क्लब होता, पोरं तिथे तयार व्हायची आणि बरी निघाली की ताल्लिनला. २००३ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, नॅशनल टीममध्ये पहिली मॅच. इथे लोक म्हणतात वा सतराव्या वर्षी इंटरनॅशनल, पण खरं सांगायचं तर छोट्या देशाचा हा एक मोठा फायदा असतो ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. जर्मनीत किंवा स्पेनमध्ये जन्मला असता तर सतराव्या वर्षी अंडर-१८ च्या बेंचवर असता. एस्टोनियात त्याच वयात मोठ्या माणसांविरुद्ध, मोठ्या स्ट्रायकरविरुद्ध खेळायला मिळालं. स्टॉपरला हे फार लागतं, कारण स्टॉपर चुका करूनच शिकतो आणि त्या चुका खऱ्या मॅचमध्येच व्हाव्या लागतात, प्रॅक्टिसला केलेल्या चुकीचा काही उपयोग नाही.

मग नॉर्वेला वॉलेरेंगामध्ये लोनवर (म्हणजे क्लबने काही काळ उसना दिलेला) थोडा काळ गेला, तिथे काही जमलं नाही. आणि २००५ मध्ये हॉलंडमधला हेराक्लीस आल्मेलो.

माझ्या मते त्याच्या करिअरमधला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हा आहे, लिव्हरपूल नाही. हेराक्लीस त्याच उन्हाळ्यात खालच्या डिव्हिजनमधून वर आला होता, कोच पीटर बॉस, जो पुढे आयाक्स आणि डॉर्टमुंडला गेला. नवीन वर आलेली टीम म्हणजे काय, तर दर आठवड्याला डिफेन्सवर मारा. आयाक्स, पीएसव्ही, फायनूर्ड हे हॉलंडचे तीन मोठे क्लब येणार, नव्वद मिनिटं बॉल त्यांच्याकडे, तुम्ही बॉक्समध्ये उभे. स्टॉपरला यापेक्षा चांगली शाळा नाही. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा तिथे साडेतीन वर्षं राहिला. हेराक्लीसचं ग्राऊंड तेव्हा आर्टिफिशियल टर्फचं, बॉल खरखर पळायचा, उडायचा वेगळा, डच लोक त्याला नावं ठेवायचे, पण एस्टोनियात हिवाळ्यात टर्फवरच खेळावं लागतं तेव्हा याला त्याचं काही वाटलं नसणार. हा माझा अंदाज आहे, पण धरून चाला.

हीच गोष्ट पोरांच्या आईबापांना कळत नाही. त्यांना वाटतं मोठ्या नावाच्या क्लबच्या ॲकॅडमीत नाव लागलं की झालं. अहो मोठ्या क्लबच्या रिझर्व्ह टीममध्ये तीन वर्षं बसून राहिलेले किती तरी पोरं तेविसाव्या वर्षी कुठेच नसतात. आपल्या गोलकीपर गुरप्रीत सिंग संधूचं बघा, २०१४ ला नॉर्वेच्या स्टॅबेकमध्ये गेला, पहिली लीग मॅच मिळायला २०१६ उजाडलं. युरोपा लीगमध्ये (युरोपातल्या क्लबांची दुसऱ्या नंबरची स्पर्धा) खेळलेला तो पहिला भारतीय, मानायलाच हवं, पण पुढे तोही नियमित मॅचसाठी भारतात परत आला. गोलकीपरचं एक वेळ चालतं, तो पस्तिशीपर्यंत खेळतो. स्टॉपरचं नाही चालत.

२००९ च्या जानेवारीत क्लावान हॉलंडमधल्याच एझेड आल्कमारला लोनवर गेला. कोच लुई व्हान गाल. त्याच सीझनला एझेडने लीग जिंकली, १९८१ नंतर पहिल्यांदाच, आयाक्स-पीएसव्ही-फायनूर्ड या तिघांना बाजूला सारून. अर्ध्या सीझनला आलेला म्हणून चॅम्पियनशिपचं सगळं श्रेय त्याला देता येणार नाही आणि देऊही नये. पण व्हान गालच्या हाताखाली काही महिने म्हणजे डिफेन्सच्या पोझिशनचा कोर्सच, लाईन कधी वर न्यायची, बॉल कुठल्या पायाने पुढे द्यायचा, सगळं मोजून-मापून. एझेडने मग त्याला कायमचं घेतलं. पुढच्या सीझनला चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा), ग्रुपमध्ये आर्सेनल, ऑलिम्पियाकोस आणि स्टँडर्ड लिएज. आणि नेमकं तेव्हाच, ऑक्टोबर २००९ ला, क्लबच्या मालकाची डीएसबी बँक बुडाली. व्हान गाल आधीच जर्मनीच्या बायर्नला गेला होता. पैसे नाहीत, चांगले खेळाडू विकायचे. अशा वेळी क्लबमध्ये टिकून राहणारा आणि निमूटपणे काम करणारा माणूस जास्त किमतीचा ठरतो. तो २०१२ पर्यंत राहिला.

इथे एक टेक्निकल गोष्ट सांगतो, जी आकडे बघणाऱ्यांच्या नजरेतून सुटते. क्लावान डाव्या पायाचा. डाव्या पायाचा स्टॉपर जगात कमी मिळतो, लेफ्टी पोरांना लहानपणीच विंगला नाहीतर लेफ्ट बॅकला टाकतात (आपल्याकडेही तेच होतं, मी स्वतः कोचांशी यावर भांडलोय). तो दोन्ही खेळायचा, लेफ्ट बॅक पण आणि स्टॉपर पण. डाव्या बाजूचा स्टॉपर उजव्या पायाचा असला की प्रेस आल्यावर (म्हणजे समोरचे बॉल हिसकवायला धावून आले की) त्याला अंग वळवून आतल्या पायावर बॉल घ्यावा लागतो, तेवढ्या अर्ध्या सेकंदात स्ट्रायकर अंगावर. लेफ्टी असेल तर तो सरळ पहिल्या टचला लेफ्ट बॅककडे किंवा लाईनवर लांब बॉल देऊन मोकळा. मॅच बघताना हे दिसतच नाही, कारण जे संकट आलंच नाही ते कॅमेरा दाखवत नाही. पण कोचला दिसतं. आणि एका पगारात दोन पोझिशन म्हटल्यावर छोट्या बजेटच्या क्लबला अजून काय पाहिजे.

२०१२ ला जर्मनीत आउग्सबुर्ग. परत तोच पॅटर्न बघा, हा क्लब २०११ लाच पहिल्यांदा बुंदेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या टॉप लीगमध्ये, वर आलेला, दरवर्षी लोक म्हणायचे यंदा हे खाली जाणार. चार वर्षं तिथे. २०१४-१५ ला आउग्सबुर्ग पाचवा आला, मार्कुस वाइनत्सिएर्ल कोच, क्लब पहिल्यांदाच युरोपियन स्पर्धेला. त्याच सीझनमध्ये फेब्रुवारी २०१५ ला आउग्सबुर्गने डॉर्टमुंडला त्यांच्या घरी १-० हरवलं, तेव्हा डॉर्टमुंड टेबलच्या तळाला आणि कोच होता युर्गन क्लॉप. पुढे २०१५-१६ च्या युरोपा लीगला आउग्सबुर्गच्या ग्रुपमध्ये बिल्बाव, पार्टिझान आणि क्लावानचा जुना क्लब एझेड. तिथून निघाले आणि पुढच्या राऊंडला समोर कोण, लिव्हरपूल, आणि तिथेही कोच क्लॉप. घरी ०-०, लिव्हरपूलच्या घरी ॲनफिल्डला १-० हरले, तोही मिल्नरच्या पेनल्टीवर. दोन मॅचमध्ये लिव्हरपूलला ओपन प्लेमधून (पेनल्टी, फ्री किक सोडून चालू खेळात) एक गोल करता आला नाही.

आता सांगा, जुलै २०१६ ला क्लॉपने त्याला घेतलं ते नशीब का? क्लॉप बुंदेसलिगात असताना हा माणूस वर्षातून दोनदा त्याच्या टीमसमोर उभा असायचा. आणि लिव्हरपूलची गरज बघा. त्या उन्हाळ्यात त्यांच्या स्टॉपरपैकी स्कर्टेल गेला, कोलो टुरे गेला, साखोचं क्लॉपशी बिनसलं, जो गोमेझ जखमी. मातिप फुकटात आलेला पण तो नवा. त्यांना लगेच खेळू शकेल असा, नखरे नसलेला, स्वस्त स्टॉपर पाहिजे होता. सांगितली गेलेली किंमत ४२ लाख पौंड, प्रीमियर लीगच्या (इंग्लंडची टॉप लीग) हिशोबात ही चिल्लर आहे. ट्रान्सफरच्या बातमीवर आपल्याकडचे लिव्हरपूलवाले, पुणे-मुंबईतले, काय काय बोलले ते आठवतंय, हा कोण म्हातारा आणला वगैरे. तीस वर्षांचा स्टॉपर म्हातारा नसतो हो.

पहिलीच लीग मॅच आर्सेनलला त्यांच्या घरी, १४ ऑगस्ट २०१६, लव्हरेनसोबत सुरुवातीपासून. लिव्हरपूल ४-१ पुढे आणि शेवटी ४-३. चांगली डिफेन्सिव्ह मॅच म्हणता येणार नाही, पण जिंकले. नंतर एकंदर दोन सीझनमध्ये पन्नासच्या वर मॅच खेळला. म्हणजे "बेंचवर बसला" हे अर्धसत्य आहे. चौथ्या नंबरचा स्टॉपर म्हणून घेतलेला माणूस दोन वर्षांत पन्नास मॅच खेळतो याचा अर्थ पहिले तीन सतत जखमी होत होते आणि हा प्रत्येक वेळी तयार होता. आठवडेच्या आठवडे न खेळता एकदम शनिवारी जाऊन नव्वद मिनिटं उभं राहणं, हे रोज खेळण्यापेक्षा अवघड काम आहे, पाय जड होतात, टायमिंग जातं, उडी अर्धा क्षण उशिरा पडते. हे काम जमणारे लोक फार थोडे असतात आणि प्रत्येक मोठ्या क्लबला असा एक लागतोच.

१ जानेवारी २०१८, बर्नली. मोठ्या सुट्टीतल्या धावपळीची मॅच, लिव्हरपूलच्या अटॅकमधले सलाह नाही, कुटिन्हो नाही. माने गोल करतो, ८७ व्या मिनिटाला बर्नली बरोबरी करते, आणि स्टॉपेज टाइममध्ये फ्री किक, लव्हरेनचं हेडर गोलच्या तोंडाशी, तिथे क्लावान, डोक्याने आत. २-१. प्रीमियर लीगमध्ये गोल करणारा पहिला एस्टोनियन.

पहिला का, कारण त्याच्या आधीचा सगळ्यात मोठा एस्टोनियन गोलकीपर होता. मार्ट पोम. याचं थोडं सांगायलाच पाहिजे. १९७२ चा जन्म, ताल्लिन, फिनलंड आणि स्वित्झर्लंडमार्गे १९९४ ला पोर्ट्समथ, तिथे खेळायला मिळेना म्हणून परत फ्लोरा, मग १९९७ ला डर्बी काउंटी, आणि पहिलीच मॅच ओल्ड ट्रॅफर्डला, मँचेस्टर युनायटेडला ३-२ हरवलं. त्याच्या काळात एस्टोनिया युरोपियन युनियनमध्ये नव्हता, इंग्लंडमध्ये खेळायचं तर वर्क परमिट लागायचं आणि ते मिळवणं हीच एक स्पर्धा. क्लावानच्या वेळेपर्यंत, म्हणजे १ मे २००४ ला एस्टोनिया युनियनमध्ये गेल्यामुळे, इंग्लंडचा हा दरवाजा उघडा होता. दोघांच्या करिअरची तुलना करताना लोक टॅलेंटवर बोलत बसतात, मला विचाराल तर पासपोर्टवर आधी बोलायला हवं.

आणि एक गंमत. पोमने सुंडरलँडकडून (तेव्हा हा क्लब प्रीमियर लीगच्या खालच्या डिव्हिजनमध्ये) खेळताना डर्बीच्याच ग्राऊंडवर, त्याच्या जुन्या क्लबविरुद्ध, शेवटच्या क्षणी पुढे जाऊन हेडरने बरोबरीचा गोल मारला होता, तारीख २० सप्टेंबर २००३. डर्बीच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. क्लावानचा लिव्हरपूलसाठी पहिला गोल लीग कपमध्ये, डर्बीविरुद्ध, त्याच ग्राऊंडवर, २० सप्टेंबर २०१६. तेरा वर्षांनी, तीच तारीख. याच्यातून काही सिद्ध होत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बरं, मग लिव्हरपूलला नवा स्टॉपर व्हान डाइक आला, जानेवारी २०१८, आणि गणित बदललं. चॅम्पियन्स लीगच्या फायनलला, २६ मे २०१८, कीव्हमध्ये रियाल माद्रिदविरुद्ध क्लावान बेंचवर होता, आत जायला मिळालं नाही. त्याच ऑगस्टला इटलीत काल्यारी. दुसरा कुणी असता तर लिव्हरपूलच्या पगारावर अजून एक वर्ष बसला असता आणि पुढच्या वर्षी लिव्हरपूलने माद्रिदमध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली तेव्हा कप उचलतानाच्या फोटोत दिसला असता. हा बत्तिसाव्या वर्षी सिरी आ मध्ये (इटलीची टॉप लीग) खेळायला गेला. यावरून त्याला वेडा म्हणणारे आहेत. मी म्हणणार नाही, एकोणिसाव्या वर्षी आल्मेलोला जाताना जो विचार केला तोच बत्तिसाव्या वर्षी केला, जिथे खेळायला मिळेल तिथे जायचं. काल्यारीला तीन सीझन, दुखापतीही झाल्या, २०२१ ला घरी परतला, पायदे आणि मग ताल्लिना कालेव्ह. नॅशनल टीमच्या मॅच सव्वाशेच्या वर, त्यातल्या बऱ्याच कॅप्टन म्हणून. तर फेल म्हणायचं का, नाही. लिव्हरपूलने त्याला ज्या कामाला घेतलं ते काम त्याने केलं, आणि क्लबने दोन वर्षांनी जवळपास निम्मे पैसे वसूलही केले.

पैशावरून आठवलं, हे क्लब चालवणाऱ्यांनी नीट वाचा. फिफाचा नियम असा की कॉन्ट्रॅक्ट चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की फीच्या ५ टक्के रक्कम त्याला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटायची. १२ ते १५ वयाच्या प्रत्येक वर्षाला फीच्या पाव टक्का, १६ ते २३ च्या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. क्लावानची फी ४२ लाख पौंड धरली तर लहान वयाच्या एका वर्षाचे साडेदहा हजार पौंड, मोठ्या वयाच्या एका वर्षाचे एकवीस हजार. जर्मनी ते इंग्लंड या सौद्यात हिशोबाने विल्यांदी, फ्लोरा, हेराक्लीस या सगळ्यांचा वाटा निघतो. प्रीमियर लीगला चिल्लर असलेली रक्कम विल्यांदीसारख्या गावच्या क्लबला एका सीझनचा मोठा खर्च भागवू शकते. पण त्यासाठी पोराचं रजिस्ट्रेशन वर्षावर्षाचं कागदावर पाहिजे. आपल्याकडे किती क्लबांकडे दहा वर्षांपूर्वीच्या पोरांचे कागद आहेत? जाऊ द्या.

शेवटचं, हा रस्ता आज उघडा आहे का. क्लावानचा बऱ्यापैकी आहे, कारण त्याने इंग्लंडला जायच्या आधी हॉलंड आणि जर्मनीत दहा-अकरा वर्षं मॅच खेळल्या होत्या. ब्रेक्झिटनंतर इंग्लंडला जायला पॉइंट लागतात आणि बुंदेसलिगात नियमित खेळणाऱ्याला ते मिळतात. बंद झाला तो दुसरा, शॉर्टकटचा रस्ता. कार्ल हाइन, आता एस्टोनियाचा गोलकीपर, २०१८ ला सोळाव्या वर्षी आर्सेनलच्या ॲकॅडमीत गेला होता. युरोपियन युनियनच्या आत १६ ते १८ वयाच्या पोरांना क्लब बदलायची जी सवलत आहे ती आता इंग्लंडला लागू नाही, अठरा पूर्ण व्हावेच लागतात. म्हणजे ताल्लिनच्या सोळा वर्षांच्या पोराला इंग्लंडऐवजी आधी हॉलंड, जर्मनी, इटली असंच कुठेतरी जावं लागणार. भारतातल्या सोळा वर्षांच्या पोराला तर तीही सवलत नाही, त्यामुळे कुणी एजंट "युरोपियन क्लबचं कॉन्ट्रॅक्ट करून देतो" म्हणून ॲडव्हान्स मागत असेल तर आधी पोराची जन्मतारीख बघा आणि मग एजंटचं लायसन्स.